वाचक विचारतात: पियानोच्या पोटात हात, आणि बाकीचे प्रश्न

फेब्रुवारीत नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या एका छोट्या हॉलमध्ये पियानोचा प्रोग्राम झाला. मुंबईहून आलेली एक तरुण पियानोवादक, दीड तास, आणि वाजवलेलं सगळंच्या सगळं आज हयात असलेल्या बायकांनी लिहिलेलं. मागच्या अंकात मी त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देऊन टाकलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून कोणाचंच देत नाही, फक्त राहण्याचा भाग देते.

मानेवाड्याहून: ताई, मी पेटी वाजवतो, चाळीस वर्षं भजनी मंडळात साथ केली. पुतणीनं फार म्हटलं म्हणून आलो होतो. बाकी ठीक होतं, पण शेवटून दुसऱ्या पीसला ती मुलगी उठून उभी राहिली अन् पियानोच्या आत हात घालून तारा छेडायला लागली, वरून नाणी, दगड काय काय ठेवून राहिली होती. माझ्या पेटीत कोणी असा हात घातला असता तर मी त्याला तिथून उठवलं असतं. हा वाद्याचा अपमान नाही का? आणि याला वाजवणं म्हणायचं का?

काका, तुमचा जीव कळवळला ते मला समजतं, वाद्यावर ज्याची माया आहे त्याला असंच होणार. पण पेटी आणि पियानो बाहेरून बहिणी दिसतात तरी आतून दोघींचं घराणं वेगळं आहे. पेटीत हवेनं रीड्स वाजतात. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि पट्टी दाबली की नमद्याचा छोटा हातोडा तारेवर पडून मागे येतो, म्हणजे जवळचं नातं लावायचं तर संतूरशी लागतं. त्या सगळ्या तारांचा ताण मिळून वीस टनांच्या घरात जातो, तो पेलायला आत ओतीव लोखंडाची चौकट असते, तेव्हा बोटानं छेडल्यानं तारेला काही होत नाही. होतं ते हाताच्या घामानं, तारांना गंज चढतो, आणि तारेवर बसून तिचा आवाज थांबवणारे डॅम्पर वाकवले तर. त्या मुलीनं आधी रुमालानं हात नीट पुसले होते आणि डॅम्परपासून लांब राहून वाजवत होती, मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला दिसलं.

तो पीस ॲनिया लॉकवुड यांचा, 'इयर-वॉकिंग वुमन', १९९६ चा. बाई मूळच्या न्यूझीलंडच्या, जन्म १९३९ चा, राहतात अमेरिकेत. हा पीस त्यांनी 'शोध घेणाऱ्या' पियानोवादकासाठी लिहिलाय, म्हणजे नाणं, स्क्रू, दगड, बबल-रॅप असं काय काय तारांवर ठेवून, फिरवून, जो आवाज निघेल तो ऐकत ऐकत पुढं जायचं. आता तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते, याच बाईंनी १९६८ मध्ये लंडनला एक पियानो जाळला होता आणि त्याच्या जळण्याचा आवाज हीच रचना होती. पण त्यांची अट पक्की होती, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलाच पियानो घ्यायचा.

आता अपमानाचं. तंबोऱ्याची जवारी लावताना तुम्ही तारेखाली दोरा सरकवता ना? तो कशाला? तारेचा आवाज उघडावा, त्यात भुंगा यावा म्हणून. भजनात पखवाजवाले डाव्या पुडीला कणीक लावतात, मैफल संपली की खरवडून काढतात, तेही आवाजाला वजन यावं म्हणूनच. वाद्याला परकी वस्तू लावून त्याचा आवाज बदलायचा हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय, फक्त आपल्याला ते सवयीचं झालंय. पियानोवर हे उशिरा आलं. अमेरिकेत हेन्री कॉवेल यांनी १९२३ मध्ये 'एओलियन हार्प' नावाचा पीस लिहिला त्यात एका हातानं पट्ट्या नुसत्या दाबून धरायच्या आणि दुसऱ्यानं आतल्या तारा छेडायच्या. मग १९४० च्या सुमारास जॉन केज यांनी तारांमध्ये स्क्रू, रबर वगैरे अडकवायला सुरुवात केली.

आणि इथं एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्या पखवाज वाजवायच्या, त्या काळात, बाई असून. त्यांनी केजकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं आणि बदल्यात त्याला आपलं संगीत शिकवलं. संगीत कशासाठी, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं, मन शांत व्हावं, दैवी गोष्ट आत यायला जागा व्हावी, आणि केज ते जन्मभर सांगत राहिला. त्याच वर्षांत, १९४६ ते ४८, त्यानं स्क्रू-रबर लावलेल्या पियानोसाठी आपली सगळ्यात गाजलेली मालिका लिहिली आणि तिच्या मुळाशी आपले नवरस आहेत. म्हणजे कणीक लावणाऱ्या हाताची एक बाई त्या खोलीत होती. तेव्हा काका, हे परकं नाही हो.

वाजवणं म्हणायचं का, याचं उत्तर मी देणार नाही, तुमचे कान चाळीस वर्षांचे आहेत, पुढच्या वेळी डोळे मिटून बसा आणि मला कळवा.

धंतोलीहून: एक पीस थांबला असं वाटून मी टाळ्या वाजवल्या तर पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. दाद नेमकी कधी द्यायची असते?

वादकाचे हात मांडीवर येईपर्यंत थांबायचं, बस. पट्टीवरून हात उचलला तरी पाय पेडलवर असेल तर आवाज अजून विरत असतो आणि नव्या संगीतात बऱ्याचदा ते विरणंच लिहिलेलं असतं. पण चुकून टाळी पडली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्याकडे सम आली की मान हलते आणि 'वा' निघतंच.

लक्ष्मीनगरहून: स्पष्टच विचारतो. फक्त बायकांच्या रचना अशी वेगळी मैफल कशाला? संगीताला बाई-पुरुष असतं का? चांगलं असेल तर ते आपोआप वर येईल, त्यासाठी वेगळा डबा लावायची गरज काय?

स्पष्ट विचारलंत ते बरं झालं, कारण हॉलमधून बाहेर पडताना हाच प्रश्न मी जिन्यात तीन वेळा ऐकला.

'आपोआप वर येईल' यावर एक गोष्ट सांगते. बर्लिनमध्ये एक बहीण-भाऊ होते, फॅनी आणि फेलिक्स मेंडेल्सन. दोघंही पियानो वाजवायचे, दोघंही रचना करायचे. भावाला जगभर फिरवलं, बहिणीला वडिलांनी सांगितलं की तुझ्यासाठी संगीत हा दागिना राहू दे, व्यवसाय नको. तिची सहा गाणी भावाच्या नावानं त्याच्या पुस्तकांत छापली गेली. १८४२ मध्ये फेलिक्स राणी व्हिक्टोरियाकडे गेला तेव्हा राणीनं कौतुकानं त्याचं एक गाणं स्वतः गायलं आणि त्याला कबूल करावं लागलं की हे माझं नाही, माझ्या बहिणीचं. याहून मोठी गोष्ट पुढं आहे. १८२८ मध्ये फॅनीनं पियानोसाठी एक सोनाटा, म्हणजे अनेक भागांची मोठी रचना, लिहिला, 'ईस्टर सोनाटा'. त्याचं हस्तलिखित हरवलं. १९७० मध्ये पॅरिसला सापडलं, त्यावर नाव होतं 'एफ. मेंडेल्सन'. एफ म्हणजे फेलिक्सच, असं सगळ्यांनी धरलं, त्याच्या नावानं रेकॉर्डही निघाली, आणि २०१० मध्ये एका अभ्यासक बाईनं कागदपत्रं तपासून सिद्ध केलं की हा सोनाटा फॅनीचा आहे. १८२ वर्षं लागली. संगीत चांगलं होतंच, इतकं चांगलं की लोकांना ते फेलिक्सचं वाटलं, पण आपोआप काही वर आलं नाही, कोणीतरी बसून खणून काढलं तेव्हा आलं.

क्लारा शुमान तर तिच्या काळातली युरोपातल्या अगदी वरच्या पियानोवादकांपैकी, पण विशीत असताना तिनं डायरीत लिहून ठेवलंय की बाईनं रचना करायची इच्छा धरू नये. नवरा १८५६ मध्ये गेल्यावर सात मुलं घेऊन ती गावोगाव मैफिली करत राहिली आणि रचना करणं जवळजवळ थांबलंच. हे वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं, कारण तिला कोणी बाहेरून अडवलं असं नुसतं नाही, ते तिच्या आतच जाऊन बसलं होतं.

तुम्ही म्हणाल हे जुनं झालं. अमेरिकेत संगीतासाठी पुलित्झर १९४३ पासून देतात, पहिल्यांदा बाईला मिळालं १९८३ मध्ये, एलन टाफ झ्विलिक यांना, बरोबर चाळीस वर्षांनी. इंग्लंडमध्ये राजघराण्याचा संगीतकार हे जवळपास चारशे वर्षांचं पद, त्यावर पहिली बाई बसली २०१४ मध्ये, ज्युडिथ वीअर, आणि त्यांच्यानंतर २०२४ मध्ये एरॉलिन वॉलन, त्या मूळच्या बेलीझच्या. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला २०२० मध्ये ठरवून एकोणीस बायकांकडून नवीन रचना मागवाव्या लागल्या, बायकांना मतदानाचा हक्क देणाऱ्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला शंभर वर्षं झाली म्हणून. त्या एकोणीसांतल्या एका रचनेला, तानिया लिऑन यांच्या 'स्ट्राइड'ला, २०२१ चं पुलित्झर मिळालं. मागवलीच नसती तर?

आणि आपल्या घरात बघा ना. गाणारी बाई म्हटलं की आपण दहा नावं घेतो, चाल लावणारी बाई विचारलं की अडखळतो. लताबाईंनी साठच्या दशकात मराठी सिनेमांना 'आनंदघन' या नावानं संगीत दिलं, 'साधी माणसं'ला राज्याचा पुरस्कार मिळाला तरी किती जणांना माहीत होतं की आनंदघन म्हणजे कोण? मीना खडीकरांनी चाली दिल्या. प्रभाताई अत्रेंनी स्वतः बंदिशी बांधल्या, त्यांची पुस्तकं काढली, तरी लोक त्यांना आधी गायिका म्हणूनच ओळखतात.

संगीताला बाई-पुरुष असतं का, तर नाही, आणि त्या संध्याकाळी ते मला सगळ्यात जास्त पटलं. डोळे मिटून ऐकलं असतं तर एकीचं दुसरीशी जुळलं नसतं. अमेरिकेच्या कॅरोलाइन शॉ यांचा 'गुस्ताव ल ग्रे' आठवून बघा, २०१२ चा पीस. ल ग्रे हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच फोटोग्राफर, त्या काळी एकाच काचेवर आभाळ आणि समुद्र दोन्ही नीट उतरायचं नाही म्हणून तो आभाळाची निगेटिव्ह वेगळी आणि समुद्राची वेगळी घेऊन एकत्र छापायचा. शॉनं शोपँ या एकोणिसाव्या शतकातल्या पोलिश संगीतकाराचा एक मझुर्का, म्हणजे पोलिश नाचाच्या ठेक्यावरचा पीस, तसाच घेतलाय, ओपस १७ मधला चौथा, आधी तिचे स्वतःचे सूर, हळूहळू त्याखालून शोपँ वर येतो, थोडा वेळ पूर्ण दिसतो आणि परत तिच्या सुरांत विरघळतो. मला तो जोड कुठं होता ते दोनदा ऐकूनही सापडलं नाही. या बाईंना तिसाव्या वर्षी, २०१३ मध्ये पुलित्झर मिळालं, इतक्या लहान वयात ते कोणालाच मिळालं नव्हतं.

त्याच्या लगेच नंतर चेन यी यांचा 'द्वो ये', १९८४ चा, पूर्ण वेगळं जग. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या वेळी त्यांना शहरातून उचलून खेड्यात मजुरीला पाठवलं होतं, व्हायोलिन सोबत नेलं होतं त्यांनी. पुढं ग्वांग्शी प्रांतात डोंग लोकांचा नाच बघितला, शेकोटीभोवती गोल करून नाचतात, एक जण पुढं गाऊन सांगतो आणि बाकीचे धरतात, आणि तो नाच त्यांनी पियानोवर आणला. माझ्या शेजारी गडचिरोलीचे एक गृहस्थ होते, ते ऐकता ऐकता हळूच म्हणाले, हा तर आमच्याकडचा रेला वाटून राहिला. आणि तानिया लिऑन यांचा 'तुंबाओ', तीनेक मिनिटांचा, क्यूबातल्या नाचाचा ठेका, बेस नेमका पहिल्या मात्रेला न येता तिच्या आधीच येऊन बसतो, सम चुकवून समेवर आणल्यासारखं, तबलेवाल्यांना तो कळला असणार. त्या १९६७ मध्ये हवाना सोडून न्यूयॉर्कला आल्या.

तर या तिघींत बाईपण सोडून समान काय आहे? मला तरी काही दिसलं नाही, आणि वेगळा डबा लावल्याशिवाय या तिघी एका संध्याकाळी नागपुरात ऐकायला मिळाल्या असत्या का? तुम्ही गेल्या दहा वर्षांत ऐकलेल्या पाश्चात्त्य संगीताच्या प्रोग्रामची जुनी पत्रकं काढून बघा, घरात असतील तर. ज्या दिवशी वेगळं सांगावं लागणार नाही त्या दिवशी मीच म्हणेन की हा डबा काढा.

प्रतापनगरहून: मी ख्याल शिकते. 'रंग दे बसंत' ऐकताना बसंत आहे हे कळलं, अंगावर काटा आला, पण काहीतरी अडल्यासारखंही वाटलं. पियानोवर मींड येत नाही तर राग कसा वाजणार?

तुझा कान बरोबर आहे. रीना इस्माईल यांचा हा पीस. त्यांचा जन्म १९८३ चा, अमेरिकेतच, घराणं मूळचं भारतीय, त्या फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन इथं हिंदुस्थानी संगीत शिकायला आल्या होत्या आणि तेव्हापासून दोन्ही संगीतांच्या मधल्या जागेतच काम करतात.

अडतं ते असं, पियानोवर सप्तकाचे बारा सूर बांधलेले, मधल्या श्रुतींना जागाच नाही, आणि सूर एकदा वाजला की तो फक्त कमी होत जातो, त्याला ओढता येत नाही, वर सरकवता येत नाही, म्हणजे मींड घेता येत नाही. बसंतचा कोमल धैवत तू गळ्यात जसा थोडा खालून घेशील, दोन्ही मध्यमांमधून जशी घसरत येशील, ते तिथं नाही. हीच तक्रार आपल्याकडे पेटीबद्दल झाली होती, इतकी की आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, आणि आज पेटीशिवाय तुझी मैफल होईल का? मानेवाड्याचे काका यावर बरंच सांगू शकतील.

पण पियानोकडे एक गोष्ट आहे जी गळ्याकडे नाही. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि एक सूर वाजवला तर न वाजवलेल्या ताराही त्याच्याबरोबर गुणगुणायला लागतात, सतारीच्या तरफांसारख्या. मला त्या पीसमध्ये बसंत सगळ्यात जास्त भेटला तो वेगानं वाजलेल्या सुरांत नाही, तर एक वाक्य संपून वर षड्‌ज लागल्यावर जे खाली घुमत राहिलं त्यात. तू मींड शोधत होतीस म्हणून अडलीस असं मला वाटतं, पुढच्या वेळी सुरांच्या मागं काय राहतं ते ऐक. आणि फेब्रुवारीत वाजला ना, पळस फुललेला असताना, हे मला फार बरं वाटलं.

रामदासपेठेतून: आजोबांचा जुना उभा पियानो घरी आहे. दर पावसाळ्यात सूर चढतो, उन्हाळ्यात उतरतो. मागच्या वर्षी बाहेरगावाहून ट्यूनर बोलावला, भाडं-बिडं धरून बराच खर्च झाला, दोन महिन्यांत परत बेसूर. आम्हाला फसवलं का?

बहुतेक नाही. तुम्ही लिहिलंय की तो मेच्या सुरुवातीला येऊन गेला आणि त्याच खोलीत कूलर आहे, तर खरा दोष कूलरचा आहे.

पियानोच्या मागे एक मोठी पातळ लाकडी फळी असते, साउंडबोर्ड, स्प्रूसची, तारांचा कंप तीच मोठा करते. हवेत ओल आली की ती फुगते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. हवा कोरडी झाली की ती आकसते, सूर उतरतो. आपल्याकडे मेमध्ये बाहेर पंचेचाळीस डिग्री, हवा अगदी सुकी, आणि घरात वाळ्याच्या ताट्यांवरून येणारी ओली हवा तासन्‌तास, रात्री कूलर बंद, सकाळी परत सुरू, म्हणजे एकाच दिवसात त्या फळीचे दोन ऋतू होतात. मग जूनमध्ये पाऊस. पियानोला साधारण चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता मानवते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती फार हलू नये. तेव्हा पियानो कूलर नसलेल्या खोलीत हलवा, बाहेरच्या भिंतीपासून आणि खिडकीच्या उन्हापासून लांब, आर्द्रता मोजायचं छोटं मीटर आणून त्यावर ठेवा, आणि ट्यूनरला पाऊस पूर्ण संपून हवा स्थिरावल्यावर बोलवा, दिवाळीनंतर. मेमध्ये लावलेला सूर पाऊस पडला की जाणारच. फोडणीच्या धुरापासूनही लांब ठेवा, नमद्यावर चिकट थर बसतो. आणि विकू नका, अशी वाद्यं एकदा शहराबाहेर गेली की परत येत नाहीत.

खामल्याहून: मैफल चुकली. घरी ऐकायचं तर सुरुवात कुठून करू? आणि गुबैदुलिनांचं नाव यादीत का नव्हतं, मी त्यांचं ऐकलंय.

रशियाच्या संगीतकार सोफिया गुबैदुलिना मार्च २०२५ मध्ये गेल्या, म्हणून. फिनलंडच्या काइया सारियाहो जून २०२३ मध्ये गेल्या, त्यांचे पियानोचे छोटे पीस मला फार प्रिय आहेत. पाच वर्षांपूर्वी हीच मैफल ठरली असती तर दोघीही त्यात असत्या. म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते की जे आहेत त्यांना आत्ता ऐका.

सुरुवात मेरेडिथ मंक यांच्या 'रेलरोड'पासून करा, १९८१ चा, छोटासाच पीस, डावा हात एकच वळण घेऊन फिरत राहतो आणि उजवा त्यावर गुणगुणतो, अजनीच्या पुलावर उभं राहून गाडी ऐकलेल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. मग शॉ, मग लिऑन. कान थोडे तयार झाले की कोरियाच्या उन्सुक चिन यांचे एट्यूड, म्हणजे बोटांची कसोटी पाहणारे पीस, सहा आहेत, १९९५ ते २००३ मध्ये लिहिलेले, आधी एकेकच ऐका, सलग नको, फार वेगवान आणि दाट आहेत, पण दुसऱ्यांदा ऐकताना आतली नक्षी उलगडायला लागते. इयरफोनवर ऐकू नका शक्यतो, खोलीत स्पीकरवर ऐका.

सदर भागातून: माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, पियानोच्या पाचव्या ग्रेडची तयारी करतेय. त्या मैफिलीनंतर रोज अभ्यास सोडून स्वतःचंच काहीतरी वाजवत बसते, फोनवर रेकॉर्ड करते. तिच्या क्लासमध्ये सांगितलं की आधी आठवी ग्रेड पूर्ण कर, कंपोझिशनचं मग बघू. मलाही भीती वाटते की परीक्षा जाईल. काय करू? आणि तिनं स्वतः एक प्रश्न विचारलाय, पीसचं नाव मराठीत ठेवलं तर चालतं का?

तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. ग्रेड सोडू नका, बोटं तयार व्हायला तो अभ्यास लागतोच आणि तिचे शिक्षक तिच्या भल्याचंच बोलतायत. पण 'मग बघू' हे मला मान्य नाही. आठवी ग्रेड होईपर्यंत ती सतरा-अठराची होईल, मग बारावी, मग एन्ट्रन्स, आणि तोपर्यंत तिला आपल्या डोक्यात सूर येतात हे आठवणारही नाही, मी माझ्या डोळ्यांसमोर असं झालेलं पाहिलंय, एकदा नाही. तिला स्वयंपाक शिकवताना आपण म्हणतो का की आधी सगळ्या भाज्या नीट चिरायला शीक, दहा वर्षांनी फोडणी दे?

उन्सुक चिन पाद्र्याच्या घरातल्या, पियानो बराचसा आपला आपणच शिकल्या, आणि २०२४ मध्ये त्यांना जर्मनीचा सीमेन्स पुरस्कार मिळाला, जो संगीतातला सगळ्यात मोठ्या मानांपैकी एक समजतात. अमेरिकेतल्या संगीतकार गॅब्रिएला लीना फ्रँक यांना तर जन्मापासून कमी ऐकू येतं. सगळं जागच्या जागी बसल्यावर सुरुवात झाली असं यांच्यापैकी कोणाचंच दिसत नाही.

तर असं करा. स्टाफच्या, म्हणजे पाश्चात्त्य सूर लिहायच्या पाच रेघांची एक साधी वही आणून द्या. रोज ग्रेडचा अभ्यास झाला की वीस मिनिटं तिची, त्या वेळात दार लोटून घ्या आणि काय वाजवतेयस असं विचारू नका. फोनवरचं रेकॉर्डिंग ठीक आहे पण ते ऐकून तिनं कागदावर उतरवायला हवं, कारण लिहायला बसलं की कळतं आपल्याला नक्की काय हवं होतं, सूर किती वेळ थांबवायचा होता, पाय कधी उचलायचा होता. पहिल्यांदा पाचच सूर घे म्हणावं, दोन मिनिटांपेक्षा मोठं नको, आणि शेवट कुठं करायचा ते आधी ठरव. एक पूर्ण झालं की घरातल्या दोघा-तिघांना बसवून वाजवून दाखवायचं, तुमच्यासाठी ती पहिली मैफल, टाळ्या कधी वाजवायच्या ते वर लिहिलंय. त्यानंतर तिच्या शिक्षकांना दाखवा, कागद समोर ठेवून, मला खात्री आहे त्यांचं मत थोडं तरी हलेल. आणि हे हयात लोक आहेत, त्यांना पत्र लिहिता येतं, बहुतेकींच्या स्वतःच्या वेबसाइट आहेत, तुमचा पीस आम्ही नागपुरात ऐकला आणि मला अमुक जागा आवडली एवढं चार ओळींत लिहून पाठव म्हणावं. फॅनीला असं पत्र पाठवायला आपण फार उशिरा जन्मलो.

आता तिच्या प्रश्नाचं, हे तिला वाचून दाखवा. बाळा, चालतं, का नाही चालणार? 'द्वो ये' इंग्रजी नाही, 'तुंबाओ'ही नाही, 'रंग दे बसंत' तर आपलंच. जे नाव मनात आलंय तेच ठेव. आणि पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात तारीख घाल आणि तुझं नाव लिही, पूर्ण, पहिलं नाव आख्खं, नुसतं आद्याक्षर नको.